तलफ येते तेव्हा

हात खिशाकडे गेला असेल तर तिथेच राहू द्या. पुडी असेल, चंची असेल, सिगारेटचं पाकीट असेल, बोटांना जे लागतंय ते लागू द्या. आज काही सोडायचं नाही, शपथ घ्यायची नाही, कुणाला वचन द्यायचं नाही. हात तिकडे गेला कसा, एवढंच पाहायचं आहे. तुम्ही स्वतः तंबाखूला शिवत नसाल तर घरातल्या कुणाचा तरी हात डोळ्यांसमोर आणा. वडिलांचा, दिराचा, आईचा. महाराष्ट्रात असा हात शोधायला फार लांब जावं लागत नाही.

एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा. आता तलफ शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधा. ‘हवीय’ हा विचार डोक्यात उमटतो, पण त्याच्या आधीच खाली काहीतरी सुरू झालेलं असतं. जिभेखाली पाणी सुटतं. दाढेपाशी, जिथे रोज बार बसतो, तिथे रिकामं वाटतं. कुणाच्या छातीत बारीक घाई असते, कुणाच्या कपाळावर आठी येते, कुणाला समोरच्याचं बोलणं उगाच लांबल्यासारखं वाटतं. यातलं जे तुमचं असेल त्यापाशी थांबा. त्याला चांगलं म्हणू नका, वाईटही म्हणू नका. दोन बोटं मनगटावर ठेवा आणि नाडी ऐका.

ही अस्वस्थता खरी आहे. ‘मन घट्ट कर, सुटेल’ असं सांगणाऱ्यांनी ती कधी अनुभवलेली नसते, किंवा ते अनुभवून विसरलेले असतात. घरात तंबाखूवरून जी भांडणं होतात त्यांत बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावावर बोट ठेवलं जातं. तुला पोरांची पर्वा नाही, तुझं मन कच्चं आहे. ऐकणारा मान खाली घालतो आणि थोड्या वेळाने परसात जाऊन चिमूट लावतो, कारण त्या बोलण्याने तलफेचा एक कणही कमी झालेला नसतो. उलट त्यात लाज मिसळते, आणि लाजेवर त्याच्याकडे एकच उतारा असतो. म्हणून आपण स्वभावाकडे पाहायचं सोडू आणि शरीराकडे पाहू.

सकाळची वेळ आठवा. डोळे उघडले आहेत, अजून अंथरुणातच आहात. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. यकृत ते मोडून त्याचं कोटिनीन नावाचं दुसरं द्रव्य करतं. रात्रीच्या सात-आठ तासांत निकोटीन निम्म्याचं निम्मं, पुन्हा निम्मं होत जातं. पहाटे मेंदूला जे रोज मिळतं ते जवळजवळ संपलेलं असतं. म्हणून दिवसातली पहिली चिमूट, पहिली बिडी, पहिली मशेरी सर्वांत गोड लागते. त्या गोडव्यात थोडा वेळ राहा. तो कशाचा बनलेला आहे? थोडी तरतरी आहे, ती खरीच आहे. पण मोठा भाग सुटकेचा आहे. रात्रभर जी तूट वाढत गेली ती भरून निघाल्याची सुटका. ज्याने आयुष्यात कधी तंबाखू घेतली नाही तो माणूस त्याच सकाळी काहीही न घेता त्याच जागी उठलेला असतो. निकोटीन सावकारासारखं वागतं: आदल्या दिवशी आपल्याच खिशातून काढलेले पैसे सकाळी हातावर ठेवतं, आणि आपण उपकार मानतो.

हे एकदम पटवून घेऊ नका. उद्या सकाळी स्वतः पाहा.

आता थोडं मागे जाऊ, झाडापाशी. तंबाखूच्या झाडात निकोटीन मुळांमध्ये तयार होतं आणि तिथून वर चढून पानांत साठतं. झाडाला ते किडीपासून बचावासाठी लागतं. पान कुरतडणाऱ्या किड्याच्या मज्जातंतूंवर ते घाव घालतं. आपले शेतकरी तंबाखूचा अर्क मावा-तुडतुड्यांवर फवारत आले आहेत, ते याच गुणासाठी. दवाने किंवा पावसाने ओली झालेली पानं दिवसभर खुडणाऱ्या मजुरांना मळमळतं, ओकाऱ्या होतात, गरगरतं. तोंडात एक चिमूटही न घेता निकोटीन नुसत्या कातडीतून आत जातं. निपाणीच्या परिसरात याच पानावर गावांची चूल पेटली, आणि १९८१ मध्ये याच पानाला भाव मिळावा म्हणून रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसं गेली. हे मी मुद्दाम सांगते. या झाडाचा तिरस्कार करायला बसलेलो नाही आपण. ते झाड स्वतःला वाचवत होतं, आणि ते लावणारा माणूस स्वतःच्या घराला.

किड्याला मारणारं द्रव्य आपल्याला हवंसं का वाटतं? कारण किड्याच्या आणि आपल्या मज्जातंतूंमध्ये एक फार जुना निरोप्या सारखाच आहे, ॲसिटिलकोलीन नावाचा. निकोटीनची घडण त्याच्याशी इतकी जुळते की पेशी फसते आणि निरोप आल्याचं समजून कामाला लागते. १९०५ मध्ये केंब्रिजचे जॉन लँग्ली स्नायूंवर निकोटीनचे प्रयोग करत होते. त्यांनी त्यातून अनुमान काढलं की पेशीमध्ये असं काहीतरी ग्रहण करणारं द्रव्य असलं पाहिजे ज्यावर औषधं आणि विषं आपलं काम करतात. आज कुठल्याही औषधाचा परिणाम समजावताना डॉक्टर ज्या रिसेप्टरबद्दल बोलतात त्या कल्पनेची सुरुवात इथे झाली. शरीर समजून घ्यायला निकोटीनने वैद्यकशास्त्राला अशी मदत केलेली आहे, आणि ती लहान नाही.

धुरावाटे गेलेलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी त्यामुळे डोपामिन सोडतात. डोपामिनला सरसकट ‘सुखाचं रसायन’ म्हटलं जातं, ते मला अपुरं वाटतं. त्याचं मोठं काम शिकवण्याचं आहे. ‘आत्ता जे केलंस ते महत्त्वाचं होतं, पुन्हा कर’ असा धडा ते गिरवून घेतं. एका सिगारेटचे झुरके मोजा, दिवसाच्या सिगारेटी मोजा, वर्षं मोजा. एवढ्या वेळा गिरवलेला दुसरा धडा आयुष्यात सापडणार नाही. आणि तो एकटा गिरवला जात नाही, भोवतालचं सगळं त्याच्यात ओढलं जातं. जेवण झाल्यावरचं हात धुणं. एसटी स्टँडवर थांबलेली गाडी. चहाचा शेवटचा घोट. तळहातावर मळता मळता चाललेल्या गप्पा, आणि मळून झाल्यावर पुढे केलेला तळहात. अनोळखी माणसाकडेही सहज मागता येतात अशा फार थोड्या गोष्टी आपल्या जगात उरल्या आहेत. तंबाखू त्यांतली एक आहे. सोडणाऱ्याला ती जवळीकही सोडावी लागते की काय अशी भीती असते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यात या भीतीला जागा नसते.

या सगळ्यांतून तुमची जागा कोणती? कुठे, कुणाबरोबर, कशानंतर हात हमखास खिशाकडे जातो? एकच जागा निवडा आणि डोळे मिटून तिथे उभे राहा. तिथलं निकोटीन किती आणि माणसं किती, हे वेगळं करून पाहा.

आता जीभ हलकेच गालाच्या आतून फिरवा. खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधली ती खोबण. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरत होते, आणि बिडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांहून कमी. निकोटीनवरची पुस्तकं बहुतेक फुफ्फुसाबद्दल बोलतात. आपल्याकडे त्याचा रस्ता ही खोबण आहे. तंबाखूत चुना का मळतात? पानातलं निकोटीन पुष्कळसं क्षारांच्या रूपात बांधलेलं असतं, ते गालाच्या नाजूक त्वचेतून सहज आत जात नाही. चुन्याने ते मोकळं होतं आणि भराभर शोषलं जातं. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता आपल्या पूर्वजांनी हे बोटांनी शोधून काढलं. बार धुराइतका झटकन चढत नाही, पण तो रेंगाळतो, आणि दिवसभरात मिळून चघळणाऱ्याच्या रक्तात ओढणाऱ्याइतकंच निकोटीन जाऊ शकतं.

त्याच खोबणीत कर्करोग होतो. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जिभेवर जास्त दिसतो. आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या सांध्यात, जिथे वर्षानुवर्षं बार टेकलेला असतो तिथे. हे घडवणारी मुख्य द्रव्यं निकोटीनहून वेगळी आहेत. तंबाखूचं पान वाळवताना, मुरवताना नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, ती पेशींच्या गाभ्यात बिघाड करतात. सुपारी मिसळली असेल तर गालाची आतली त्वचा हळूहळू ताठर होते, तोंड उघडेनासं होतं. एक गोष्ट आत्ताच करा. हात धुतलेले असतील तर मधली तीन बोटं एकावर एक, उभी, तोंडात घालून पाहा. सहज मावली पाहिजेत. मावत नसतील, तिखट खाल्ल्यावर आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. हे वाचून थांबायचं आणि पुढे जायचं, एवढ्यावर सोडू नका.

म्हणजे निकोटीन निर्दोष आहे का? नाही. ते हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तदाब चढवतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून जखम उशिरा भरते. किशोरवयातल्या, अजून घडत असलेल्या मेंदूत ते लक्ष देण्याच्या आणि स्वतःला आवरण्याच्या वाटा बदलतं. शाळेच्या वयात लागलेली सवय सर्वांत चिवट असते ती यामुळेच. आणि सर्वांत मोठा दोष हा की ते माणसाला त्या पुडीपाशी बांधून ठेवतं. मारणारं दुसरं असतं, पण त्याच्यापाशी रोज नेऊन बसवणारं हेच.

आता एका बाईपाशी थांबायचं आहे.

ती पहाटे उठते. तव्यावर भाजून कुटलेली मशेरी डबीत असते. बोटावर घेते, दातांना, हिरड्यांना लावते आणि तशीच बसते. घरातलं कुणी जागं नसतं. दिवसभरात स्वतःसाठी मिळणारा हाच काय तो वेळ. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं ती सांगते आणि सगळे हसतात. तिचं म्हणणं बरोबर आहे. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि ते बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. तिला भूक लागत नाही, तेही निकोटीनमुळेच. ज्या घरात सगळ्यांत शेवटी जेवायचं असतं, तिथे भूक मेलेली सोयीचीच असते. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण ते तसंच आहे. ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, रात्रपाळीच्या गेटवरही भूक आणि झोप मारायलाच तंबाखू लागते. त्या माणसांना आरोग्याचं व्याख्यान देण्याआधी त्यांना जेवायला किती वाजता मिळतं हे विचारायला हवं.

मुंबईत १२१७ स्त्रियांच्या गरोदरपणाचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया त्यात होत्या, त्यांतल्या बहुतेक मशेरी लावणाऱ्या. त्यांच्या बाळांचं वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं, आणि वेळेआधी होणारी बाळंतपणं जास्त होती. १०५ ग्रॅम मोठ्या माणसाला काहीच नाहीत. मुळातच जेमतेम अडीच किलोच्या बाळाला ते फार आहेत. निकोटीन वारेतून सरळ बाळापर्यंत जातं. त्या आईला मशेरीमुळे व्यसनी म्हणावं असं गावात कुणाला वाटत नाही, तिला स्वतःलाही नाही. ती फक्त दात घासते. म्हणून तिला कुणी तपासत नाही, कुणी औषध देत नाही. सोडवण्याच्या औषधांचे बहुतेक मोठे प्रयोग सिगारेट ओढणाऱ्यांवर झाले. मशेरीच्या डबीपर्यंत विज्ञान अजून नीट पोचलेलंच नाही, आणि मला हा त्या बायकांवरचा अन्याय वाटतो.

थोडा वेळ तिच्याजवळ बसून राहा. घाई नाही.

औषध म्हणून निकोटीनचा विचार करायचा तर आधी हे ध्यानात घ्यावं लागतं की तंबाखूने जगात शिरकाव केला तोच औषधाच्या नावाने. १५६० च्या सुमारास झाँ निको या फ्रेंच राजदूताने लिस्बनहून ती आपल्या दरबारात पाठवली ती गुणकारी वनस्पती म्हणून. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग विजापूरहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारात गेला, तेव्हा बादशहाने झुरका घेऊन पाहिला आणि हकिमाने त्याला अडवलं: या अनोळखी वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही, ती घेऊ नये. त्या हकिमाबद्दल मला आदर वाटतो.

आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात कातडीवर लावायच्या निकोटीनच्या पट्टीने काही रुग्णांना आराम पडल्याचं १९९४ मध्ये दिसलं, पण आराम टिकवून धरायला ती उपयोगी पडली नाही. तंबाखू ओढणाऱ्यांना पार्किन्सन कमी होतो हे अनेक पाहण्यांत आढळलं, त्यावरून मोठी आशा बांधली गेली. जर्मनी आणि अमेरिकेत सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांना वर्षभर पट्ट्या लावून पाहिल्या. २०२३ मध्ये निकाल आला: आजार मंदावला नाही. वृद्धांच्या सौम्य विस्मरणावरच्या एका लहान प्रयोगात लक्ष थोडं सुधारलं. यातलं काहीही ‘तंबाखू मेंदूला चांगली’ असं म्हणायला आधार देत नाही.

निकोटीनचा सिद्ध झालेला उपयोग एकच आहे, निकोटीनपासून सुटण्याचा. १९६७ च्या सुमारास स्वीडनमध्ये लुंडच्या क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं की पाणबुडीत धूम्रपान करता येत नाही तेव्हा खलाशी तोंडात ठेवायच्या तंबाखूकडे वळतात आणि त्यांची तलफ भागते. त्यांनी ही गोष्ट एका औषध कंपनीतल्या ओव्ह फर्नो यांना कळवली. त्यातून निकोटीनचा गम तयार झाला आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आला. २००९ पासून अशा गम-पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांच्या मदतीने सिगारेट सोडणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता सुमारे दीडपट होते.

तेच द्रव्य एका रूपात बांधतं आणि दुसऱ्या रूपात सोडवतं, ते कसं? वेगामुळे. झुरक्याने दहा-वीस सेकंदांत येणारी लाट मेंदूला धडा शिकवते. पट्टीतून तासन्‌तास झिरपणारं निकोटीन तूट भरतं, पण धडा गिरवत नाही. चुना लावलेल्या बाराने झपाट्याने येणारं आणि गममधून हळू येणारं, यांतही तोच फरक. गमची रीत तर तुमच्या तोंडाला आधीच ठाऊक आहे. बबलगमसारखा चघळायचा नसतो. दोन-चार वेळा चावायचा, जिभेला चुणचुणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण थांबली की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, थंड पेय नको, कारण तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. चुना जे करत होता तेच काम गममधला अल्कधर्मी घटक करतो. जागा तीच, रीतही जवळजवळ तीच, फक्त कर्करोग करणारं पान नाही. मुलांच्या हाताला लागेल असा तो ठेवू नका. गरोदर असाल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

गोळ्याही आहेत. पिवळ्या फुलांच्या लॅबर्नम झाडातल्या सायटिसिनची गोळी बल्गेरियात १९६४ पासून मिळते. त्याच धाग्यावरून पुढे व्हॅरेनिक्लिन तयार झालं. ते निकोटीनची जागा अर्धवट अडवतं, त्यामुळे तलफही कमी होते आणि वरून घेतलेल्या चिमटीची मजाही.

आता पुन्हा मनगटावर बोटं ठेवा. वाचायला सुरुवात केली तेव्हाची तलफ अजून तशीच आहे का? एक तलफ वर चढते, माथ्यावर जाते आणि काही मिनिटांत उतरते, तिला काही दिलं तरी आणि न दिलं तरी. नेहमी तिला लगेच काहीतरी मिळालेलं असतं, त्यामुळे ती आपोआप उतरते हे पाहण्याची संधीच आलेली नसते. सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोपेचा बिघाड, भूक, उदासी. तीन-चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. वर्षानुवर्षं निकोटीन घेतल्याने मेंदूत वाढलेले रिसेप्टर सहा ते बारा आठवड्यांत कधीच न घेणाऱ्यांच्या पातळीला येतात, हे प्रत्यक्ष मेंदूची चित्रं घेऊन पाहिलं गेलं आहे. मधे एखाद्या दिवशी चिमूट लावली गेली तर सगळं पुसलं गेलं असं समजून पुडी विकत घेऊ नका. बहुतेकांचं सुटतं ते पुष्कळ वेळा धरून-सोडून.

घरातल्या ज्या माणसाचा हात तुम्ही मघाशी आठवलात, त्याला किंवा तिला आज एक प्रश्न विचारा. ‘कधी सोडणार?’ हा नको. तो त्यांनी खूप वेळा ऐकलेला आहे. विचारा, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते? उत्तर ऐका, लगेच काही बोलू नका. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर खोलवर बांधलेलं आहे आणि औषधाची मात्रा जास्त लागेल. तंबाखू सोडवणारे डॉक्टर हेच आधी विचारतात. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. त्यांनी एकट्याने फोन केला नाही तर शेजारी बसून तुम्ही लावून द्या.